गर्भपिशवी काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

एकाच गल्लीत राहणाऱ्या तीन बायका. तिघींचीही 'पिशवी काढलेली'. पहिलीच्या ओटीपोटावर आडवा, वीतभर व्रण आहे. दुसरीच्या पोटावर तीन-चार बारीक डाग, नीट पाहिल्याशिवाय लक्षातही न येणारे. तिसरीच्या पोटावर काहीच नाही. मग तिसरीची पिशवी निघाली कुठून? आणि दुसरीच्या अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या छिद्रांतून अख्खा अवयव बाहेर आला कसा?

पहिलीचं 'मोठं' ऑपरेशन झालं आणि तिसरीचं 'छोटं', असं आपण सहज म्हणून जातो. ते बरोबर नाही. आत जे केलं जातं ते तिघींच्या बाबतीत जवळजवळ सारखंच असतं, बदलते ती आत शिरायची वाट. त्या वाटेहून महत्त्वाचा असा एक फरक मात्र पोटाकडे पाहून कधीच कळत नाही. तो म्हणजे आतून काय काय काढलं हा. दवाखान्यात बहुतेक घरं विचारतात, 'टाके किती पडतील?' त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. ते कोणते, हे समजायला आधी आतली रचना पाहायला हवी.

खांब, कापड आणि दोर

प्रौढ स्त्रीचं गर्भाशय साधारण ७.५ सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद असतं. वजन ५० ते ८० ग्रॅम. पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय, आणि या दोघांच्या मधे हे बसलेलं. वरचा भाग रुंद, खाली निमुळती मान. या मानेला गर्भाशयमुख म्हणतात आणि तिचं टोक योनीमार्गात उतरलेलं असतं. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन गर्भनलिका निघतात आणि त्यांच्या शेजारी दोन बाजूंना दोन बीजकोष असतात.

एवढासा अवयव जागेवर राहतो कसा? एक तंबू डोळ्यांपुढे आणा. मधे खांब, त्यावरून टाकलेलं कापड, आणि खांबाला दोन्ही बाजूंनी वर-खाली बांधलेले दोर. गर्भाशय म्हणजे तो खांब. ओटीपोटातल्या अवयवांवरून पसरलेला पातळ पडदा हे कापड. वरचे दोर बारीक असतात. त्यांतला एक जांघेकडे जातो, दुसरा बीजकोषाला जोडलेला असतो. खालचे दोर गर्भाशयमुखापासून निघून ओटीपोटाच्या बाजूंना आणि मागे, कण्याच्या तळाशी असलेल्या रुंद हाडाकडे जातात. ते चांगले जाड आणि मजबूत असतात, कारण खरा भार त्यांच्यावर असतो. बाळंतपणं आणि वर्षानुवर्षं उचललेली ओझी यांनी हेच खालचे दोर सैल पडले की 'अंग बाहेर येतं'.

या दोरांच्या सोबतीनं रक्तवाहिन्या जातात. म्हणून कुठलाही दोर नुसता कापून चालत नाही. आधी तो चिमट्यात धरायचा, मग धाग्यानं बांधायचा किंवा विजेच्या उष्णतेनं त्यातली रक्तवाहिनी बंद करायची, आणि त्यानंतर कापायचा. गर्भपिशवीचं ऑपरेशन म्हणजे हीच कृती डाव्या आणि उजव्या बाजूला, एकेका दोरासाठी पुन्हा पुन्हा करणं. शेवटी गर्भाशयमुखाभोवती योनीमार्गाची भिंत गोल कापली की पिशवी सुटी होते. मग योनीमार्गाचं वरचं टोक शिवून बंद करतात.

यात एक जागा अशी आहे की तिथं कितीही अनुभवी सर्जन सावध होतो. गर्भाशयाला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी बाजूनं येऊन मानेजवळ पोचते. तिच्या बरोबर खालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून, मूत्रपिंडाकडून लघवी आणणारी नळी जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत हे 'पुलाखालून पाणी' असं म्हणून पाठ करून घेतात. पूल बांधताना आणि कापताना खालच्या नळीला धक्का लागता कामा नये. वाट कुठलीही घेतली तरी हा पूल ओलांडावाच लागतो, म्हणून यातलं कुठलंच ऑपरेशन 'छोटं' म्हणण्यासारखं नाही.

वरून: पोट उघडून

पोटावर छेद घेतला की तंबू वरून दिसतो. आधी वरचे दोर सोडवायचे, मग कापड उलगडून लघवीची पिशवी खाली सरकवायची, मग मुख्य रोहिणी, आणि सर्वांत शेवटी खालचे मजबूत दोर. छेद बहुधा आडवा, ओटीपोटाच्या घडीत असतो. गाठ फार मोठी असेल किंवा कर्करोगाची शंका असेल तर बेंबीखालून उभा घेतात.

या वाटेचा इतिहास चुकीच्या निदानांनी भरलेला आहे. १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी बीजकोषाची गाठ समजून पोट उघडलं आणि ती गर्भाशयाची निघाली. ती स्त्री वाचली नाही. १८५३ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावी वॉल्टर बर्नहॅम यांच्या बाबतीतही निदान असंच चुकलं, पण त्यांची रुग्ण जगली. पोटातून गर्भाशय काढूनही स्त्री जगल्याची ही पहिली नोंद मानली जाते. त्या काळी जंतुनाशनाची कल्पना रुजलेली नव्हती आणि रक्त चढवण्याची सोय नव्हती, हे ध्यानात घेतलं म्हणजे तिच्या जगण्याची किंमत कळते.

पोट उघडण्याचा फायदा म्हणजे सर्जनला सगळं दिसतं आणि हाताला लागतं. फार मोठ्या गाठी, आत सगळीकडे चिकटलेले अवयव, काही कर्करोग, किंवा बाळंतपणानंतर कशानंच न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी हीच वाट भरवशाची. तोटा पोटाच्या भिंतीला झालेल्या जखमेचा. दुखणं जास्त, दवाखान्यात राहणं जास्त दिवसांचं आणि पूर्ववत कामाला लागायला साधारण सहा आठवडे.

खालून: बिनटाक्याचं ऑपरेशन

तिसरीच्या पोटावर व्रण नाही, कारण तिची पिशवी योनीमार्गातून काढली. आपल्याकडे याला बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात. टाके असतातच, पण ते आत, आपोआप विरघळणाऱ्या धाग्याचे.

इथं सर्जन तंबूत खालून शिरतो, म्हणून क्रम उलटा होतो. आधी गर्भाशयमुखाभोवती छेद. मग पुढं लघवीची पिशवी वर सारायची आणि मागं पडदा उघडायचा. पहिले कापले जातात ते खालचे मजबूत दोर. ते सुटले की खांब खाली ओढता येऊ लागतो, आणि जसजसा तो खाली येतो तसतसे वरचे दोर हाताच्या टप्प्यात येतात. वर दुरून दिसणारी गोष्ट स्वतःहून जवळ येते, ही या पद्धतीतली खरी युक्ती.

ही वाट सर्वांत नवी नाही, उलट फार जुनी आहे. १८१३ मध्ये जर्मनीत गॉटिंगेनच्या कॉनराड लांगेनबेक यांनी योनीमार्गातून गर्भाशय काढलं. भूल देण्याचा शोध लागायला अजून तीस वर्षांहून जास्त अवधी होता. ती स्त्री वाचली, पण सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. पुढं अनेक वर्षांनी ती वारली तेव्हा शवविच्छेदनात गर्भाशय नसल्याचं दिसलं, आणि मग वाद मिटला.

अंग बाहेर आलेलं असेल तरच खालून करता येतं, असा समज पुष्कळ वर्षं होता आणि काही ठिकाणी अजून आहे. तो मोडून काढण्यात मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांचा मोठा वाटा आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे ते २००० ते २००३ या काळात अध्यक्ष होते. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीमध्ये लघवीची पिशवी गर्भाशयाला समोरून चिकटलेली असते, म्हणून खालून जायला डॉक्टर कचरतात. गर्भाशयमुखाच्या बाजूला, तंबूच्या कापडासारख्या त्या पडद्यात एक मोकळी जागा शिल्लक राहते आणि तिथून सुरक्षितपणे शिरता येतं, हे त्यांनी दाखवलं.

कर्करोग नसलेल्या आजारांत शक्य असेल तर खालचीच वाट पहिली निवडावी, असं अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेसह अनेकांचं मत आहे. दुखणं कमी, बरं होणं लवकर, आणि महागडी यंत्रसामग्रीही लागत नाही. लहान गावातल्या रुग्णालयासाठी हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. तरीही ही पद्धत मागे पडत चालली आहे, कारण ती हाताला बसायला वेळ लागतो आणि नव्या डॉक्टरांचं प्रशिक्षण दुर्बिणीकडं जास्त झुकलं आहे. मला ही गोष्ट खेदाची वाटते.

दुर्बिणीतून

आता दुसरीचं कोडं. बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यानं पोटाची भिंत उचलली जाते आणि आत काम करायला पोकळी तयार होते. टेबल डोक्याकडून खाली कलतं करतात, म्हणजे आतडी वर सरकून ओटीपोट मोकळं होतं. त्याच छिद्रातून दुर्बीण जाते, बाजूच्या छिद्रांतून सुमारे ५ मिलिमीटर जाडीची लांब उपकरणं. सर्जन समोरच्या पडद्यावर बघत काम करतो. दोर सोडवण्याचा क्रम पोट उघडताना असतो तोच, वरून खाली.

सुटी झालेली पिशवी त्या छिद्रांतून काढतच नाहीत. ती योनीमार्गातून बाहेर काढतात, आणि मग वरचं टोक आतून शिवतात. कोडं एवढंच होतं. काही वेळा वरचे दोर दुर्बिणीतून आणि खालचे योनीमार्गातून, असंही वाटून घेतात. अमेरिकेतल्या हॅरी राइश यांनी १९८८ मध्ये गर्भाशय काढण्याचं पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, याचं अनेकींना नवल वाटतं. पोटात उरलेला वायू छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास देतो. त्या पडद्याचे आणि खांद्याचे ज्ञानतंतू मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून मेंदूला दुखणं खांद्याचं वाटतं. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं.

पिशवी फार मोठी असेल तर तिचे आत तुकडे करावे लागतात. त्यासाठीच्या फिरत्या पात्याच्या यंत्राबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१४ मध्ये इशारा दिला. साध्या वाटणाऱ्या गाठीत क्वचित कर्करोग दडलेला असतो, आणि तुकडे करताना तो पोटभर पसरू शकतो. तेव्हापासून तुकडे करायचेच झाले तर ते बंद थैलीत करण्यावर भर आहे.

रोबोचं ऑपरेशन ही दुर्बिणीचीच पुढची पायरी. रोबो स्वतःहून काही करत नाही. सर्जन थोड्या अंतरावर बसून हातांनी नियंत्रणं चालवतो आणि यंत्राचे हात त्या हालचाली आत करतात. मनगटासारखी वळणारी उपकरणं आणि खोली दाखवणारं चित्र हे त्याचे फायदे. पण साध्या आजारासाठी, हात बसलेल्या सर्जननं केलेल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा त्यातून रुग्णाला ठळक जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही. खर्च मात्र बराच वाढतो. केवळ त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

लहान छेद म्हणजे नेहमीच चांगलं, या समजाला २०१८ मध्ये मोठा धक्का बसला. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी दोन गट करून पद्धतींची तुलना झाली. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचं प्रमाण पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होतं, तर दुर्बीण किंवा रोबोच्या गटात ८६ टक्के. म्हणून या एका कर्करोगात आता पोट उघडूनच करण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो.

वाट नव्हे, मुक्काम

व्रणावरून न कळणारी गोष्ट आता. कुठलीही वाट घ्या, आतून काय काय बाहेर आलं?

बहुतेक वेळा गर्भाशय मानेसकट काढतात. कधी मान ठेवतात. मान ठेवली तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी पुढंही करत राहावी लागते, हे त्या स्त्रीला माहीत असलं पाहिजे. कर्करोगात आजूबाजूचे बंध आणि लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात, ते ऑपरेशन बरंच विस्तृत असतं. गर्भनलिका हल्ली सोबतच काढतात, कारण बीजकोषाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक कर्करोगांची सुरुवात नलिकेत होते असं आढळलं आहे.

सर्वांत मोठा निर्णय बीजकोषांचा. गर्भाशय गेलं तर पाळी थांबते आणि मूल होणार नाही. पण संप्रेरकं तयार होतात बीजकोषांत. ते जागेवर असतील तर शरीराला त्यांचा पुरवठा चालू राहतो. पाळी जाण्याच्या वयातले बदल काही जणींत थोडे लवकर येतात, एवढंच. दोन्ही बीजकोष काढले तर मात्र तो पुरवठा एका दिवसात बंद पडतो. वाफा येणं, झोप उडणं, योनीमार्गाचा कोरडेपणा, हाडं ठिसूळ होणं आणि पुढं हृदयविकाराचा वाढता धोका. तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या आयुष्यातली कित्येक वर्षं यात जातात. 'पुढं त्रास नको म्हणून सगळंच काढून टाका' हे वाक्य अनेकदा नातेवाईकच बोलतात आणि जिच्या शरीरातलं जाणार असतं ती गप्प असते. घरात जवळचे कर्करोगाचे रुग्ण असणं, आनुवंशिक दोष सापडणं, बीजकोषातच आजार असणं ही तो काढण्याची कारणं झाली. सोय हे कारण नव्हे.

मुळात काढायची का?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ३ टक्के स्त्रियांनी गर्भाशय काढल्याचं सांगितलं. त्यांच्यातल्या निम्म्यांचं ऑपरेशन पस्तिशीच्या आत झालं होतं. पाहणी ४९ व्या वर्षी थांबते, त्यामुळं हे वय थोडं खाली दिसणार हे मान्य. तरीही आकडा अस्वस्थ करणारा आहे. सुमारे दोन तृतीयांश ऑपरेशनं खासगी रुग्णालयांत झाली होती.

महाराष्ट्राला हा प्रश्न २०१९ मध्ये बीडमुळं कळला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पहाटेपासून फडात वाकून तोड, डोक्यावर मोळ्या, पाण्याची आणि आडोशाची सोय नाही. त्यातून होणारा संसर्ग, अंगावरून पांढरं जाणं, जास्त रक्तस्राव. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. वर 'नाहीतर कॅन्सर होईल' अशी घातलेली भीती. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं, त्यासाठी अवयव काढायचा नसतो. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्रानं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये त्या अमलात आणण्याचे आदेश राज्यांना दिले.

कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी, या ठिकाणी हेच ऑपरेशन जीव वाचवतं. तेव्हा घाबरून टाळणंही तितकंच घातक. पण त्याआधीच्या पायऱ्या आहेत. जास्त रक्तस्रावासाठी गोळ्या, गर्भाशयात बसवायची संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू, आतलं अस्तर जाळणं. गाठीसाठी फक्त गाठ काढणं. शिवाय पाळी गेल्यावर गाठी बहुधा आपोआप आक्रसतात, त्यामुळं सत्तेचाळिशीतल्या, फारसा त्रास नसलेल्या बाईला वाट पाहणं परवडतं.

सैल पडलेल्या दोरांवरचा उपाय तर आपल्याच भागात घडला. तरुण, मूल हवं असलेल्या स्त्रियांचं अंग बाहेर येई, तेव्हा पिशवी न काढता ती पुन्हा वर टांगण्याच्या शस्त्रक्रिया मुंबईत बसवल्या गेल्या. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या नावांनी त्या ओळखल्या जातात. पुरंदरेंच्या पद्धतीत पोटाच्या स्नायूवरच्या मजबूत आवरणाची पट्टी नव्या दोरासारखी वापरत. आणि २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकानं आईचं गर्भाशय दुर्बिणीच्या साहाय्यानं काढून मुलीला बसवलं. भारतातलं हे पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण. २०१८ मध्ये त्या मुलीला बाळ झालं. इथं काढलेल्या पिशवीला पुन्हा रक्तपुरवठा जोडायचा असल्यानं, एरवी बांधून कापून टाकतात त्या रक्तवाहिन्या लांबवर जपून सोडवाव्या लागतात.

| होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा |
|---|
| नेमका आजार कोणता? सोनोग्राफी झाली का, अस्तराचा तुकडा तपासायची गरज आहे का? |
| ऑपरेशनशिवाय काय करता येईल, आणि ते किती दिवस करून पाहायचं? |
| काय काय काढणार? मान, नलिका, बीजकोष यांचं प्रत्येकाचं वेगळं उत्तर हवं. |
| खालून का होणार नाही? तुमचा हात कोणत्या पद्धतीवर बसलेला आहे? |
| संमतीपत्रात हेच लिहिलं आहे ना? |

घरी आल्यावर

पिशवी गेल्यावर पोटात पोकळी राहत नाही, आतडी ती जागा भरून काढतात. जखमा बाहेरून भरल्या तरी योनीमार्गाचं शिवलेलं टोक जुळायला वेळ लागतो. म्हणून व्रण नसलेल्या बाईनंही सहा आठवडे जड घागर-कळशी उचलू नये आणि शरीरसंबंध टाळावा. व्रण नाही म्हणून तिला चौथ्या दिवशी चुलीपुढं बसवणारी घरं आहेत, ते चुकीचं आहे. सहा आठवड्यांनंतर शरीरसंबंधात अडचण येऊ नये. रक्तस्राव आणि दुखणं गेल्यानं अनेकींना उलट बरं वाटतं. ताप, दुर्गंधी स्राव, भरपूर रक्त, किंवा सतत गळणारी लघवी यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठावा. लघवी गळणं म्हणजे पुलाखालच्या नळीला किंवा लघवीच्या पिशवीला इजा झाल्याची खूण असू शकते आणि ती दुरुस्त करता येते.

काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतात. तो अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो आणि पुष्कळ घरांत कुणी आणायलाच जात नाही. तो आणावा, डॉक्टरांकडून समजून घ्यावा आणि डिस्चार्जच्या कागदासोबत जपून ठेवावा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावातला डॉक्टर 'बीजकोष ठेवलेत का, मान ठेवलीये का' असं विचारेल, तेव्हा उत्तर त्या दोन कागदांतच असेल.